डिस्क वाढवताना कंट्रोलर कार्ड सगळ्यात शेवटी निवडा

सर्व्हरची जागा संपत आली की विक्रेत्याकडून येणारं कोटेशन बहुतेक वेळा एकाच साच्याचं असतं. मोठ्या डिस्क, त्यासोबत एक महागडं रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र बांधून, एखादी बिघडली तरी डेटा वाचवणारं कंट्रोलर कार्ड), आणि शेवटी ‘इन्स्टॉलेशन चार्जेस’. हेच कार्ड का, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. विचारलं तर ‘हे लेटेस्ट आहे, बारा गिगाबिट आहे’ एवढंच ऐकायला मिळतं.

कार्डाचा वेग हा या निवडीतला सगळ्यात कमी महत्त्वाचा मुद्दा आहे. डिस्कचा सांभाळ कार्ड करणार की ऑपरेटिंग सिस्टीम, सर्व्हरच्या आतली बॅकप्लेन आणि केबल कुठल्या जातीच्या आहेत, आणि वीज गेली तर अर्धवट लिहिलेल्या डेटाचं काय होणार, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की कार्ड जवळजवळ आपोआप ठरतं. म्हणून या लेखात कार्डांची नावं उशिरा येतील.

समोर धरलाय तो सर्व्हर म्हणजे दोन सॉकेटचा, २यू उंचीचा रॅक सर्व्हर. डेलचे आर७३०एक्सडी आणि आर७४०एक्सडी, एचपीईचे डीएल३८० जेन९ आणि जेन१० हे त्या वर्गातले नेहमीचे चेहरे. कारखान्याचं ईआरपी, टॅली, फाइल सर्व्हर, चार-सहा व्हर्च्युअल मशीन, कधी सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग असं मिश्र काम त्यावर चालतं. आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवर ‘आयबीएम आय’ ही सिस्टीम चालवणाऱ्यांनी मात्र हा लेख बाजूला ठेवलेला बरा. तिथे कार्ड आणि डिस्क फीचर कोडनेच घ्यायच्या असतात, डिस्कचे सेक्टरही वेगळ्या मापाचे असतात, त्यामुळे बाजारातून निवडून आणायला फारसा वाव नसतो.

पायरी १: आधी मोजा

‘सर्व्हर स्लो झालाय’ ही तक्रार म्हणजे मोजमाप नव्हे. निदान आठवडाभर, आणि त्यात महिनाअखेर किंवा पगाराचा दिवस येईल असं बघून, डिस्कवर खरोखर किती काम पडतंय याची नोंद घ्या. विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये दर सेकंदाचे डिस्क ट्रान्स्फर आणि एका वाचनाला-लेखनाला लागणारा सरासरी वेळ बघा. लिनक्सवर आयओस्टॅट हेच आकडे देतं. वाचन आणि लेखन वेगवेगळं टिपा, कारण पुढचा सगळा हिशोब या फरकावर उभा आहे.

समजा गर्दीच्या वेळी १,५०० आयओपीएस लागतात, म्हणजे सेकंदाला १,५०० छोट्या वाचन-लेखनाच्या मागण्या येतात. त्यातलं ७० टक्के वाचन, ३० टक्के लेखन. म्हणजे १,०५० वाचनं आणि ४५० लेखनं. रेड १० मध्ये डिस्क जोडीने एकमेकींची प्रत ठेवतात, एक लेखन दोन डिस्कवर जातं, म्हणून मागच्या बाजूला १,०५० + ९०० = १,९५० व्यवहार होतात. रेड ५ मध्ये प्रतीऐवजी पॅरिटी, म्हणजे हरवलेला डेटा पुन्हा काढता येईल असा हिशोब, ठेवतात, आणि एका छोट्या लेखनासाठी चार व्यवहार लागतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. एकूण २,८५०. रेड ६ मध्ये पॅरिटी दुहेरी, म्हणून सहा लागतात, एकूण ३,७५०. मिनिटाला दहा हजार फेऱ्यांची एक डिस्क साधारण १४० आयओपीएस देते असं धरलं तर रेड १० ला १४, रेड ५ ला २१ आणि रेड ६ ला २७ डिस्क लागतील. ७,२०० फेऱ्यांच्या मोठ्या डिस्क ७५-८० च्या आसपासच देतात, तिथे हे आकडे जवळजवळ दुप्पट होतात.

आणि हेच सगळं काम सर्व्हरसाठी बनवलेल्या चार साटा एसएसडी (साध्या डिस्कच्याच जोडणीवर चालणाऱ्या, न फिरणाऱ्या डिस्क) सहज उचलतात. हा हिशोब कागदावर मांडला की बऱ्याच वेळा ‘बारा डिस्क आणि भारी कार्ड’ हा बेतच बदलतो: डेटाबेससाठी चार एसएसडी, फाइल आणि रेकॉर्डिंगसाठी सहा मोठ्या डिस्क, आणि कार्ड साधं.

पायरी २: डिस्कचा कारभार कोणाकडे?

सगळ्यात मोठा निर्णय इथे होतो, आणि चुकला तर नंतर डेटा हलवल्याशिवाय सुधारता येत नाही.

पहिला मार्ग म्हणजे हार्डवेअर रेड. कार्डावर स्वतःचा प्रोसेसर आणि कॅशे, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवायची मेमरी असते. कार्ड डिस्क एकत्र बांधतं आणि ऑपरेटिंग सिस्टीमला एकच मोठी डिस्क दाखवतं. विंडोज सर्व्हर, किंवा व्हर्च्युअल मशीन चालवणारे व्हीएमवेअर ईएसएक्सआय, हायपर-व्ही यांचा एकटा-दुकटा सर्व्हर असेल तर मला आजही हाच मार्ग योग्य वाटतो. ईएसएक्सआयमध्ये तर स्वतःचं सॉफ्टवेअर रेडच नाही, त्यामुळे तिथे वादाचा प्रश्न येत नाही.

दुसरा मार्ग एचबीएचा, म्हणजे होस्ट बस अडॅप्टरचा. हे कार्ड काहीही डोकं चालवत नाही, प्रत्येक डिस्क जशी आहे तशी सिस्टीमच्या हवाली करतं. झेडएफएस, सेफ (Ceph), विंडोजचं स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट, व्हीएमवेअरचं व्हीसॅन या डिस्क स्वतःच सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरना डिस्क थेट हवी असते. स्टोरेज स्पेसेस डायरेक्टसाठी तर मायक्रोसॉफ्ट रेड कार्ड मान्यच करत नाही. झेडएफएसला प्रत्येक डिस्कची खरी अवस्था दिसायला हवी, चेकसम (डेटा बरोबर आहे का पडताळणारा आकडा) जुळला नाही तर दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करायला हवं. मध्ये रेड कार्ड बसलं की त्याला एकच डिस्क दिसते, आणि दोष सापडला तरी दुरुस्त करायला दुसरी प्रत हाताशी नसते.

‘रेड कार्डावर प्रत्येक डिस्कचा वेगळा रेड ० करा, मग झेडएफएस चालतं’ असं सांगणारे भेटतात. चालतं, हे खरं. पण डिस्क बदलायची वेळ आली की आधी कार्डात नवा रेड ० बनवावा लागतो, स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची, माहिती आडवाटेने काढावी लागते, आणि कार्ड मेलं तर त्याच घराण्यातलं कार्ड शोधत फिरावं लागतं. एचबीए रेड कार्डापेक्षा स्वस्त असतं. मग ही कसरत कशासाठी?

मधलाही एक पर्याय आहे. काही रेड कार्डं दोन्ही प्रकारे चालतात. एचपीईचं पी४०८आय-ए एकाच वेळी काही डिस्कचं रेड करतं आणि उरलेल्या थेट पुढे देतं. त्याच्या आधीच्या पी४४०एआरला मात्र एक काहीतरी निवडावं लागायचं. डेलच्या एच७३० ला एचबीए मोड आहे. सिस्टीम दोन डिस्कच्या रेड १ वर (एकीची प्रत दुसरीवर) आणि बाकी डिस्क सॉफ्टवेअरकडे, अशी मांडणी हवी असेल तर हे सोयीचं पडतं.

आणि तिसरा मार्ग, ज्याच्यापासून लांब राहा: मदरबोर्डवरच्या साटा चिपवर चालणारं सॉफ्टवेअर रेड. डेलचे एस१३० आणि एस१४० या जातीचे. बायोसमध्ये रेड दिसतं म्हणून लोक फसतात, पण काम सगळं ड्रायव्हर करतो. ईएसएक्सआयवर एस१३० चं रेड चालतच नाही.

पायरी ३: झाकण उघडा

कोटेशन मागवण्याआधी सर्व्हर बंद ठेवायला अर्ध्या तासाची वेळ मागून घ्या आणि आत बघा. मॉडेल नंबरवरून सगळं कळत नाही, कारण एकाच नावाचा सर्व्हर कारखान्यातून अनेक रूपांत निघतो.

बॅकप्लेन म्हणजे डिस्क मागून जिथे बसतात तो बोर्ड. त्यावर एक्स्पांडर चिप (थोड्या जोडण्या जास्त डिस्कना वाटून देणारी) आहे की नाही हे बघायचं. आर७३०एक्सडीच्या २४ डिस्कच्या बॅकप्लेनवर एक्स्पांडर असतो, त्यामुळे आठ लेनचं, म्हणजे डेटाच्या आठ वाटांचं, एक कार्ड सगळ्या २४ डिस्कपर्यंत पोहोचतं. डीएल३८० जेन१० मध्ये वेगळा प्रकार आहे. पुढे आठ-आठ छोट्या डिस्कचे पिंजरे बसतात, आणि पी४०८आय-ए च्या आठही लेन एका पिंजऱ्यातच संपतात. दुसरा पिंजरा लावायचा म्हटलं की एचपीईचं एक्स्पांडर कार्ड, सोळा लेनचं पी८१६आय-ए, किंवा दुसरा कंट्रोलर यांपैकी एक घ्यावंच लागतं. पिंजरा आणि डिस्क मागवल्या, पण हे राहिलं, म्हणून ऐन शनिवारी रात्री काम अडलेलं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय.

दुसरी गोष्ट स्लॉट. दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये एकच प्रोसेसर बसवलेला असेल तर काही स्लॉट मेलेले असतात, कारण त्यांच्या पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसर जोडणाऱ्या) लेन दुसऱ्या प्रोसेसरकडून येतात. रिकामा स्लॉट दिसतोय म्हणजे तो चालेलच असं नाही. शिवाय एक्स८ (आठ लेनच्या) लांबीच्या स्लॉटला आतून चारच लेन जोडलेल्या असू शकतात. सर्व्हरच्या मॅन्युअलमध्ये हा तक्ता असतो, तो बघा. कार्डाची पट्टी बुटकी हवी की उंच हेही त्याच वेळी टिपून घ्या.

तिसरी केबल. सॅस ही सर्व्हरच्या डिस्क जोडायची पद्धत, तिच्या पिढीप्रमाणे केबलची टोकं बदलतात. सहा गिगाबिटच्या पिढीत आतलं कनेक्टर एसएफएफ-८०८७, बारा गिगाबिटच्या पिढीत एसएफएफ-८६४३, आणि ब्रॉडकॉमच्या ९५०० मालिकेपासून एसएफएफ-८६५४. बाहेरच्या पेटीसाठी सहा गिगाबिटला ८०८८ आणि बारा गिगाबिटला ८६४४. दोन्ही टोकांना वेगवेगळी कनेक्टर असलेल्या केबल मिळतात, त्यामुळे जुनी बॅकप्लेन आणि नवं कार्ड जुळवता येतं. फक्त एक सापळा लक्षात ठेवा: एका टोकाला मिनी-सॅस आणि दुसऱ्या टोकाला चार साटा अशी केबल दोन उलटसुलट प्रकारांत येते, कार्डाकडून डिस्ककडे आणि मदरबोर्डकडून बॅकप्लेनकडे. दिसायला दोन्ही सारख्या. चुकीची लावली तर काही जळत नाही, पण डिस्क दिसत नाहीत आणि दिवसभर कार्डावर शंका घेतली जाते.

सर्व्हरमध्ये जागाच उरली नसेल तर बाहेरची जेबॉड पेटी (नुसत्या डिस्कची) लागते, उदाहरणार्थ डेलची एमडी१४०० जिच्यात बारा मोठ्या डिस्क बसतात, किंवा २४ छोट्या डिस्कची एमडी१४२०. त्यासाठी बाहेर पोर्ट असलेलं कार्ड हवं: रेड हवं तर एच८३०, थेट डिस्क हव्या तर सॅस एचबीए. आतल्या पोर्टचं कार्ड घेऊन केबल झाकणाच्या फटीतून बाहेर काढण्याचे प्रयोग करू नका.

पायरी ४: लेनचा हिशोब

सॅसच्या एका लेनचा वेग तिसऱ्या पिढीत १२ गिगाबिट, म्हणजे प्रत्यक्ष सेकंदाला सुमारे १,२०० एमबी. एका केबलमध्ये चार लेन, म्हणजे ४.८ जीबी. आधीच्या सहा गिगाबिटच्या पिढीत २.४ जीबी. पलीकडे, कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता: पीसीआयई २.० एक्स८ चा ४ जीबी, ३.० एक्स८ चा सुमारे ७.९ जीबी, ४.० एक्स८ चा त्याच्या दुप्पट.

आता फिरत्या डिस्क. ७,२०० फेऱ्यांची मोठी डिस्क सलग वाचनात २०० एमबीच्या आसपास देते. बारा डिस्क एकाच वेळी सलग वाचल्या तरी २.४ जीबी. म्हणजे सहा गिगाबिटच्या जुन्या कार्डाची एक केबलही पुरते. त्यात बहुतेक ऑफिसांत सर्व्हरला नेटवर्क एक गिगाबिटचं, म्हणजे सेकंदाला ११५-१२० एमबीचं. दहा गिगाबिटचं असलं तरी सव्वा जीबीच्या आतच. फाइल सर्व्हरला फिरत्या डिस्क जोडायच्या असतील तर बारा आणि चोवीस गिगाबिटच्या चर्चेत वेळ घालवू नका.

एसएसडी आल्या की चित्र पालटतं. साटा एसएसडी पाचशेहून जास्त एमबी देते. आठ लावल्या की चार जीबीच्या वर गेलो, आणि पीसीआयई २.० चं कार्ड तिथे दम टाकतं. सॅस एसएसडी त्याहून पुढे. इथे पीसीआयई ३.० ही किमान अट समजा.

एनव्हीएमई, म्हणजे पीसीआयईवर थेट चालणारी एसएसडी, हा वेगळाच कारभार आहे. प्रत्येक डिस्कला थेट प्रोसेसरकडून चार पीसीआयई लेन मिळतात, मध्ये कंट्रोलर लागतच नाही. ‘ट्राय-मोड’ नावाची कार्डं सॅस, साटा आणि एनव्हीएमई तिन्ही स्वीकारतात, पण चार-चार लेनच्या अनेक डिस्क शेवटी कार्डाच्या मोजक्या लेनमधूनच जातात. एनव्हीएमईवर हार्डवेअर रेड हवंच असेल, जसं ईएसएक्सआयवर, तरच ट्राय-मोडचे पैसे मोजा. एरवी बॅकप्लेन एनव्हीएमईची घ्या आणि डिस्क प्रोसेसरला थेट जोडा.

वेगापेक्षा महत्त्वाचा पण कोटेशनमध्ये कधीच न दिसणारा आकडा म्हणजे क्यू डेप्थ, कार्ड एका वेळी किती मागण्या रांगेत घेऊ शकतं तो. डेलच्या एच३१० ची क्यू डेप्थ कारखान्यातून २५ होती. साध्या सर्व्हरला ते चाललं, पण २०१४ मध्ये व्हीसॅन नव्याने आलं तेव्हा या कार्डावर एक डिस्क बिघडून पुन्हा भरायला लागली की त्या कामानेच रांग भरायची आणि व्हर्च्युअल मशीन अडकायच्या. व्हीएमवेअरने मग अशी आखूड रांगेची कार्डं आपल्या मान्य यादीतून काढली. जुन्या बाजारात एच३१० अजून स्वस्तात मिळतं. ते का स्वस्त आहे, त्याचं एक कारण हे.

पायरी ५: कॅशे आणि तिची बॅटरी

हार्डवेअर रेडचे पैसे आपण मुख्यतः राइट-बॅक कॅशेसाठी मोजतो. लेखन आलं की कार्ड ते आधी स्वतःच्या मेमरीत घेतं, लगेच ‘झालं’ म्हणून कळवतं आणि डिस्कवर सवडीने उतरवतं. रेड ५ आणि ६ चे चार-सहा व्यवहार या पडद्यामागे लपतात. हीच कॅशे बंद करून राइट-थ्रू (डिस्कवर लिहून झाल्यावरच ‘झालं’ म्हणणं) केली की फिरत्या डिस्कचं रेड ५ इतकं मंदावतं की बिल सेव्ह करताना लोक हात बांधून बसतात.

पण त्या मेमरीतला डेटा वीज गेली की जातो. म्हणून बॅटरी. जुन्या कार्डांत बॅटरी मेमरीला एक ते तीन दिवस जिवंत ठेवायची. वीज त्याआधी आली तर ठीक, नाहीतर डेटा गेला. नव्या कार्डांत बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर फक्त तेवढा वेळ धरतो ज्यात मेमरीतला मजकूर कार्डावरच्या फ्लॅशमध्ये उतरेल. मग वीज आठवड्याने आली तरी चालतं. सुटं कार्ड घेताना ‘फ्लॅश-बॅक्ड’ कॅशेच घ्या. ब्रॉडकॉमच्या कार्डांवर हे मॉड्यूल आणि कपॅसिटर अनेकदा वेगळे विकले जातात. कोटेशनमध्ये ती ओळ वेगळी आहे का, ते तपासा. एचपीईच्या जेन१० मध्ये कार्डाला स्वतःची बॅटरी नसते, सर्व्हरमध्ये एक ९६ वॅटची बॅटरी बसते आणि ती सगळ्या कार्डांना पुरते. ती नसेल तर पी४०८आय-ए ची २ जीबी कॅशे लेखनाला वापरली जात नाही. कार्ड भारी, काम राइट-थ्रूचं.

यूपीएस आहे म्हणून बॅटरी नको, हा युक्तिवाद ऐकू नका. यूपीएस स्वतः बसतो, पॉवर सप्लाय उडतो, कोणीतरी चुकीची वायर ओढतो. कार्डाची बॅटरी या सगळ्यांसाठी आहे. त्याहून वाईट म्हणजे बॅटरी मेल्यावर सर्व्हर मंदावला म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ‘नेहमी राइट-बॅक’ जबरदस्तीने चालू करणं. त्या दिवसापासून डेटा उधारीवर चालतो.

लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. आपल्याकडे छोट्या ऑफिसात शनिवारी संध्याकाळी एसी बंद होतो आणि एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीतला सर्व्हर रविवारभर भाजत राहतो. अशा जागी बॅटरी तीन वर्षांत गेली तर नवल नाही. बदलायची तारीख कार्ड बसवतानाच कॅलेंडरमध्ये टाका. जुन्या जातीच्या बॅटऱ्या साधारण दर ९० दिवसांनी स्वतःला पूर्ण उतरवून पुन्हा भरतात, आणि तेवढा वेळ कार्ड राइट-थ्रूवर जातं. अधूनमधून एखाद्या दुपारी सर्व्हर विनाकारण रेंगाळतो अशी तक्रार असेल तर कार्डाच्या लॉगमध्ये हे आधी शोधा.

डिस्कच्या आत स्वतःची एक छोटी कॅशे असते, तिला ही बॅटरी वाचवत नाही. ती रेड कार्डातून बंद ठेवा. आणि नुसत्या एसएसडींचा रेड असेल तर उलट सल्ला: अनेक कार्डांवर राइट-थ्रू चालू आणि रीड-अहेड (पुढचं आधीच वाचून ठेवणं) बंद, हीच मांडणी जास्त वेग देते, कारण कार्डाची कॅशेच मधला अडथळा होते. मात्र त्यासाठी एसएसडीमध्ये वीज जाण्यापासून बचाव करणारे कपॅसिटर हवेत. लॅपटॉपच्या दुकानातली एसएसडी सर्व्हरला लावू नका.

पायरी ६: आता नावं

बाजारात कार्डांचे ब्रँड अनेक दिसले तरी चिप बनवणारी मुख्य घराणी दोनच. एक एलएसआयचं. ही कंपनी २०१४ मध्ये अव्हॅगोने घेतली, अव्हॅगोने २०१६ मध्ये ब्रॉडकॉम घेऊन तिचंच नाव लावलं. दुसरं अॅडॅप्टेकचं, जे पीएमसी-सिएरा आणि मायक्रोसेमीच्या हातांतून २०१८ मध्ये मायक्रोचिपकडे आलं. डेलची पर्क कार्डं पहिल्या घराण्यातली, एचपीईची जेन९ आणि जेन१० ची स्मार्ट अॅरे दुसऱ्या.

डेलकडे १३व्या पिढीत एच३३० कॅशेविना, एच७३० १ जीबी कॅशेचं, एच७३०पी २ जीबीचं, आणि नुसता एचबीए हवा तर एचबीए३३०. १४व्या पिढीत एच७४०पी ८ जीबी कॅशेसह, १५व्यात एच७५५. माझं मत: एच३३० वर रेड १ किंवा १० करा, पण रेड ५ करू नका. कार्ड परवानगी देतं म्हणून ते करावं असं नाही. दोन डिस्कच्या आरशाला कॅशे नसली तरी चालते, पॅरिटीला नाही.

सुट्या कार्डांत नावातच माहिती असते. ९३००-८आय मधलं ८ म्हणजे लेन, आय म्हणजे आतले पोर्ट. ८ई असेल तर बाहेरचे. ९२११-८आय पीसीआयई २.० चं, ९२०७-८आय पीसीआयई ३.० चं पण सहा गिगाबिटचं, ९३००-८आय बारा गिगाबिटचं. झेडएफएससाठी फिरत्या डिस्क लावायच्या असतील तर यांपैकी मधलं किंवा शेवटचं पुरेसं आहे, फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) आयटी मोडचं, म्हणजे डिस्क थेट पुढे देणारं हवं. ९४०० आणि ९५०० मालिकेला जास्त पैसे द्यायचं कारण मला अशा कामात दिसत नाही. हार्डवेअर रेडसाठी ९३६१-८आय किंवा त्यापुढचं ९४६०.

तरीही ब्रँडेड सर्व्हरमध्ये शक्यतो त्याच ब्रँडचं कार्ड घ्यावं असं मी म्हणेन, आणि कारण वेगाचं नाही. डेलच्या सर्व्हरमध्ये परकं कार्ड बसलं की त्याचं तापमान आयड्रॅकला, म्हणजे सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या डेलच्या यंत्रणेला, कळत नाही, म्हणून ते पंखे जोरात पळवतं. त्या कार्डाचे इशारेही आयड्रॅकमध्ये येत नाहीत. पंख्यांचा आवाज एकवेळ सोसता येतो, न आलेला इशारा नाही. उलट साध्या असेंबल्ड कॅबिनेटमध्ये ही कार्डं लावली तर हवाच पुरत नाही. ९३००-८आय ला मिनिटाला २०० फूट वेगाने वाहणारी हवा लागते, तिथे कार्डावर छोटा पंखा बसवा.

पायरी ७: जुनी डिस्क, नवी सिस्टीम

दोन टीबीची मर्यादा अजून लोकांना गाठते. एलएसआय १०६८ई चिपची कार्डं आणि डेलची पर्क ६/आय दोन टीबीपेक्षा मोठी डिस्क पूर्ण ओळखत नाहीत, फर्मवेअर कुठलंही घाला. अशा सर्व्हरला मोठ्या डिस्क लावायच्या तर कार्ड बदलणं भाग आहे.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाजूने उलटी गंमत होते: कार्ड उत्तम चालू असतं आणि सिस्टीम त्याला ओळखणं बंद करते. ईएसएक्सआय ७.० ने जुन्या लिनक्स पद्धतीचे ड्रायव्हर काढून टाकले आणि बरीच जुनी कार्डं रातोरात निकामी ठरली. रेड हॅट लिनक्स ८ ने एलएसआयच्या ‘सॅस२००८’ चिपची कार्डं आपल्या ड्रायव्हरमधून वगळली, ज्यात ९२११-८आय येतं. येत्या तीन वर्षांत सिस्टीमची आवृत्ती बदलणार असाल तर कार्ड त्या पुढच्या आवृत्तीच्या मान्य यादीत आहे का ते आज बघा.

डिस्क कंपनीचीच हवी का? २०१० मध्ये डेलच्या एच७०० आणि एच८०० कार्डांनी बाहेरच्या डिस्क नाकारायला सुरुवात केली होती, ग्राहकांच्या ओरडीनंतर कंपनीने ते फर्मवेअरमधून मागे घेतलं. आज बहुतेक कार्डं बाहेरची डिस्क चालवतात, फार तर इशारा दाखवतात. डिस्क मात्र सर्व्हर किंवा नॅस वर्गाचीच हवी. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायचा प्रयत्न करत बराच वेळ गप्प बसते आणि रेड कार्ड तिला मेली समजून बाहेर काढतं. सर्व्हरची डिस्क सुमारे सात सेकंदांत हार मानते आणि दुरुस्ती कार्डावर सोडते. शिंगल्ड पद्धतीच्या, म्हणजे डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या एसएमआर डिस्कही टाळा. २०२० मध्ये नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या काही डिस्क तशा निघाल्या आणि मोठा गदारोळ झाला. तेव्हापासून डेटाशीटमध्ये ‘सीएमआर’ (पट्ट्या न चढवणारी पद्धत) शब्द बघूनच मी डिस्क सुचवतो.

सॅस कार्डाला साटा डिस्क चालते. साटा पोर्टला सॅस डिस्क चालत नाही. मोठ्या स्टोरेजमधून निघालेल्या जुन्या सॅस डिस्क स्वस्तात मिळतात, पण त्यांचे सेक्टर ५२० बाइटचे असू शकतात. तशी डिस्क दिसते, वापरता येत नाही. ५१२ वर पुन्हा फॉरमॅट करता येते, त्याला डिस्कमागे काही तास द्यावे लागतात.

पायरी ८: खरेदी

कार्ड, कॅशेचं संरक्षण, योग्य लांबीच्या केबल, पट्टी आणि डिस्कचे ट्रे या पाच गोष्टी एकाच ऑर्डरमध्ये मागवा. ट्रे राहून जातात आणि मग डिस्क स्लॉटमध्ये नुसत्या टेकवून ठेवलेल्या दिसतात.

लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुनी कार्डं घेताना बनावट मालाची शक्यता धरा, विशेषतः ९२११ आणि ९३०० मालिकेत. डेल किंवा एचपीईच्या सर्व्हरमधून काढलेलं मूळ कार्ड हे ‘नवीन, सीलबंद, अर्ध्या किमतीत’ मिळणाऱ्या कार्डापेक्षा जास्त भरवशाचं.

हार्डवेअर रेड घेत असाल आणि सर्व्हर वॉरंटीबाहेर असेल तर तेच कार्ड दुसरं घेऊन कपाटात ठेवा. इचलकरंजीच्या किंवा चिपळूणच्या कारखान्याला पुण्याहून कार्ड येईपर्यंत एक दिवस जातो, आणि ते पुण्यात असेलच असंही नाही. पाचव्या वर्षी त्या जातीचं कार्ड शोधणं हे कार्डाच्या किमतीपेक्षा महाग पडतं. झेडएफएसवाल्यांना ही चिंता कमी, कारण कुठलाही चालता एचबीए लावून पूल (झेडएफएसने बांधलेला डिस्कचा गट) पुन्हा उघडता येतो.

पायरी ९: बसवणं आणि छळणं

पूर्ण बॅकअप घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. जुन्या कार्डाची मांडणी, म्हणजे कुठली डिस्क कुठल्या स्लॉटमध्ये, स्ट्राइपचा (एकेका डिस्कवर पडणाऱ्या तुकड्याचा) आकार, कॅशेची सेटिंग, लिहून किंवा फोटो काढून ठेवा. एकाच घराण्यातल्या नव्या पर्क कार्डावर जुन्या डिस्क लावल्या तर ते ‘फॉरिन कॉन्फिगरेशन’ म्हणून विचारतं आणि आयात करता येतं. तिथे चुकून ‘क्लिअर’ दाबू नका. वेगळ्या कंपनीच्या कार्डावर ही अपेक्षाच ठेवू नये.

फर्मवेअर डेटा टाकण्याआधी अद्ययावत करा, नंतर नाही. कार्ड बसल्यावर ते खरोखर आठ लेनवर जोडलं गेलंय का ते सिस्टीममधून तपासा. नीट न बसलेलं कार्ड कधी कधी चारच लेनवर मुकाट चालू राहतं. एफआयओ किंवा विंडोजवरच्या डिस्कस्पीड या चाचणीच्या साधनाने पायरी १ मध्ये टिपलेल्या मिश्रणाचा भार रात्रभर द्या आणि सकाळी कार्डाचे लिंक-एररचे आकडे बघा. ते वाढले असतील तर केबल बदला. डिस्क बहुधा निर्दोष असते.

मग चाचणीचा डेटा असतानाच चालू सर्व्हरमधून एक डिस्क ओढून काढा. दिवा योग्य स्लॉटवर पेटतो का? इशाऱ्याचा मेल येतो का? कार्डाचा भोंगा बंद खोलीत कोणी ऐकत नाही, मेल आणि एसएमएसच खरे. मग डिस्क परत लावा आणि रेड भरायला किती वेळ लागतो ते मोजा. आठ टीबीची डिस्क १८० एमबीच्या वेगाने अखंड भरली तरी बारा तासांच्या वर जातात. दिवसाचं काम चालू असताना हाच आकडा दोन-तीन दिवसांवर जातो. तेवढा वेळ रेड ५ मध्ये दुसरी डिस्क गेली तर सगळंच गेलं, म्हणून चार टीबीच्या वरच्या फिरत्या डिस्कला रेड ६ किंवा १०, आणि सोबत एक हॉट स्पेअर, म्हणजे आपोआप जागा घेणारी राखीव डिस्क.

शेवटी मांडणी रेड ६ असेल तर दोन, नाहीतर एका डिस्कच्या कमतरतेसह, एका पॉवर सप्लायवर, जशी जशी बिघडू शकते तशी चालवून बघा, महिन्यातून एकदा कन्सिस्टन्सी चेक (डेटा आणि पॅरिटी जुळतात का याची तपासणी) रविवारी पहाटे लावा, आणि त्यानंतरच खरा डेटा हलवा. जुन्या डिस्क आणि जुनं कार्ड एकत्र, स्लॉटचे नंबर चिकटवून, निदान एक महिनाअखेर आणि एक जीएसटी रिटर्न पार पडेपर्यंत न पुसता बाजूला ठेवा.